सातवा रकाना

रासिनकांगस म्हणतो, बंदूक बाहेरच राहू दे.
उणे सत्तावीसातून आत आणलीस
की तिला घाम फुटतो,
आणि तो घाम म्हणजे उद्याचा गंज.
मग आम्ही आत जातो, कॉफी पितो,
आणि त्या ओसरीवर लाकडी घोडीला टेकून
छत्तीस जणी, मुकाट.

तेल? तेल कमी.
कायनूच्या थंडीत तेलाचा मध होतो,
चाप ओढावा तर आतल्या आत खीळ.
कंजूस मावशीने पावाला लोणी लावावं
तेवढंच, कोक्को, तेवढंच.
मी चिंधी फिरवते. तो वास घेऊन सांगतो
जास्त झालं.

कोठार डोंगराच्या पोटात आहे.
पेट्या भिंतीपासून वीतभर दूर,
भिंतीला ओल असते आणि ओलीला सवड.
जुनं आधी जाईल. नवं मागे थांबेल,
कितीही चकचकीत असलं तरी.
तोफगोळे या दालनात, फ्यूज पलीकडच्या.
त्यांची सोयरीक मैदानावर, तो म्हणतो,
एका छताखाली ते नांदत नाहीत.
दाराला दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं.
एकट्याने उघडायचं नाही.
एकट्याने बंदसुद्धा करायचं नाही.

सोमवारी दिली चौदाशे चाळीस काडतुसं.
परत आली न उडालेली दोनशे बारा,
रिकाम्या पुंगळ्या बाराशे सत्तावीस.
मी तीनदा बेरीज केली.
तीनदा एक कमी.

तीन वाजता अंधार पडला.
कुणी बराकीत गेलं नाही.
सगळी पोरं बर्फात गुडघ्यांवर,
मुदपाकखान्यातून पिठाच्या चाळण्या आल्या,
पलटणीतल्या एका हुशाराने लोहचुंबक आणलं
तेव्हा रासिनकांगस त्या दिवसात एकदाच हसला:
पितळ कुणाच्या ओढीने येत नाही, बाळा.
आणि स्वतः खाली बसला,
डावा गुडघा आधी, मग हाताने उचलून उजवा.

बोटाएवढी वस्तू. आत काही उरलेलं नाही.
मला राग येत होता, थोडं रडूही,
पापण्यांवर ते लगेच गोठत होतं.
साडेसहाला पिह्लायानिएमीने डोक्यावर टोपी ओढली
आणि मानेवर काहीतरी गार घरंगळलं.
शेजाऱ्याच्या बंदुकीतून उडून
ती जाकिटाच्या टोपीत बसली होती सकाळपासून.
साडेतीन तास तो तिलाच शोधत होता,
तिला पाठीवर घेऊन.

ओरडला नाही कोणी.
रासिनकांगसने वही उघडली,
शिसपेन नाही, शाई, जी कोठारात बगलेत धरून
पातळ ठेवावी लागते.
सहा रकाने आकड्यांचे. सातवा शेऱ्याचा.
त्यात लिहिलं: सापडली. टोपीत.

मी विचारलं, पुंगळ्या मोजल्या. गोळ्यांचं काय?
त्या वाळूत आहेत, तो म्हणाला,
समोरच्या बांधात. मे महिन्यात वाळू चाळतात,
शिसं वेगळं काढतात, वजन करतात.
आणि वाळूत नसल्या तर?
कधी, कुठे, नसल्या तर?

त्याने दौतीचं झाकण लावलं. घट्ट. पुन्हा घट्ट.
मग कपाटाच्या तळातून एक वही काढली,
त्याच्या आजोबांच्या पिढीतली, कातडी पाठ सुटलेली.
दिली इतकी हजार. परत आली, रेघ.
दिली. रेघ. दिली. रेघ.
अक्षर सुबक, कुणीतरी पट्टी धरून ओढलेल्या रेघा.
सातवा रकाना पानोपानी कोरा.

शेवटच्या पानावर एकदाच काहीतरी लिहून
खोडलं होतं. मी दिव्यापाशी धरून पाहिलं.
वाचता आलं नाही.
ठेव, तो म्हणाला, ओल लागेल.

बाहेर बंदुका तशाच, नळ्यांवर पांढरी लव आलेली.
मी मोजल्या. छत्तीस.
माझं कुलूप लागलं. त्याचं लागायचं होतं,
तो वाकून बुटाची नाडी बांधत होता,
फार वेळ बांधत होता,
आणि मी किल्ली मुठीत धरून थांबले.
एकट्याने बंद करायचं नाही.