तुकडी

नववीच्या फळ्यावर मी ठिपका काढला.
ठिपका ओढून रेघ, रेघ ओढून चौकोन,
चौकोन ओढून घन.
"आता हा घन ओढा," म्हटलं,
"पण या वर्गात जेवढ्या दिशा आहेत
त्यातल्या एकाही दिशेने नाही."

सगळे खिडकीकडे बघायला लागले.
मग मी घनाच्या पोटात घन काढला,
कोपऱ्याला कोपरा जोडला,
आणि मागच्या बाकावरून आवाज आला :
बर्फाच्या पेटीत बर्फाची पेटी.
प्रांजल जोगल तेवढी हसली नाही.

संध्याकाळी सर्जेकोटच्या जेटीवर
तिचा आजा सगुण तंगुसाचं जाळं सांधत बसलेला.
"बाई, तुमची ती चौथी बाजू खंय आसता?
चेडू घराक इला नि भिंतीत वाट सोधता हा."

सुकती लागली होती.
मी त्याला खडप दाखवलं,
पाण्यावर नुसती दोन टोकं, दोन हात अंतरावर.
समजा, म्हटलं, पाण्याच्या कातडीवरच राहणारं कुणी आहे.
त्याला वर नाही, खाली नाही.
त्याच्या लेखी ही दोन बेटं.
आता बघ, ती रुंदावतात, सरकत जवळ येतात,
तासाभरात एक होतात.
तो म्हणेल, काळ गेला, सोयरीक जमली.
दगड तर जागचा हललाही नाही.
त्याला रोज मिळते ती फक्त तुकडी.

सगुण म्हणाला, "सुरमयची."
"हो, सुरमईची."

(पलूसच्या विहिरीत पोहणारी एक परकरी मुलगी
आणि आठ वर्षं इथे भाड्याच्या खोलीत
एकटीचा भात लावणारी मी,
आमच्यामध्ये पाणी किती खोल आहे
हे मी कधी मोजलेलं नाही.)

मग उत्साहाच्या भरात मी नको ते बोलून गेले :
तिथे गाठ टिकत नाही.
त्याची सुई थांबली.
वाळूवर दोरीचं रिंगण घाल, आत मुंगी ठेव.
जिला फक्त वाळू माहीत, ती जन्मभर कैदेत.
तू चिमटीने उचललीस की सुटली,
दोरी न तोडता.
तसंच तिथे एक धागा दुसऱ्याला अडवू शकत नाही,
जगाबाहेर जरासा कलतो,
पलीकडे जातो, परत येतो.
कुठलीही गाठ सुटते. निरगाठसुद्धा.

साठ वर्षं गाठी मारलेल्या माणसाला
हे सांगायला नको होतं.
त्याने मांडीवरचं जाळं उचललं,
एका आसेतून माझ्याकडे बघितलं,
बराच वेळ काही बोलला नाही.
मचव्यावर कुणीतरी डिझेलचा डबा आपटला.

"मगे धागो कमी पडता," तो म्हणाला.
"थंय आख्ख्या कापडाचीच गाठ मारूक होयी."

मी हसले. घरी आले.
पलंगावरची चादर ओढून पिळली, दुमडली,
हातात बोचकं आलं, गाठ आली नाही.
रात्री अकराला ट्रंकेतून
एम.एस्सी.ची वही काढली, वाळवीने कडा खाल्लेली,
आणि चौऱ्याहत्तराव्या पानावर
माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं :
चार मितींत दोऱ्याची गाठ पडत नाही,
पृष्ठभागाची पडते.
खाली दोन रेघा मारलेल्या.
परीक्षेला आलं होतं.
मी पाठ केलं होतं.

सकाळी शाळेच्या आधी सांगायला गेले,
सगुण, तुझं बरोबर होतं.
त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.
धाग्याचं टोक दातांनी तोडत म्हणाला,
"ता ऱ्हवांदे. कापडाच्या जाळ्यात गावतलो
तो मासो केवढो आसतलो गे?"

ह्याचं उत्तर वहीत नव्हतं.
त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दोन बांगडे दिले.
शाळेच्या चढावर मी पुडी उघडून बघितली,
डोळ्यापासून शेपटापर्यंत,
चांगले ताजे, अख्खे.
निदान इकडून तरी.