सहाव्या मजल्याचं अस्वल

लिफ्टशेजारी, टपालपेट्यांच्या वर,
ऑक्टोबरात एक पडदा लागला.
नऊ मजले, नऊ अस्वलं.
वीज वाचवलीत की तुमचं अस्वल झोपतं,
उधळलीत की डोळे किलकिले करतं,
अगदीच ताळ सोडलात तर उठून बसतं
आणि अख्ख्या इमारतीदेखत डोकं खाजवतं.

दाउगावपिल्समध्ये डिसेंबरात
चारच्या आत अंधार.
माणसांनी करायचं तरी काय?
लागलो खेळायला.

तिसऱ्या मजल्यावरच्या इल्गाबाईंनी इस्त्री सोडली.
नवरा चुरगळलेल्या सदऱ्यात कामाला जातो,
कॉलर ताठ नाही, मान ताठ.
आठव्याचा साव्हा, वय वर्षं नऊ,
आत कुणी असलं तरी न्हाणीघराचा दिवा घालवतो
आणि बाहेरून ओरडतो, दोन गुण!
मी पस्तीस वर्षं ट्रामची तिकिटं तपासली,
फुकट्याला चालीवरून ओळखायचो.
मी वही घातली.
अर्ध्या किटलीला किती, भरल्या किटलीला किती.

तरी आमचा मजला तळाला.
रोज. अस्वल टक्क जागं.

एका रात्री बोळातल्या मीटरांपुढे उभा राहिलो,
हातात बॅटरी, जुनी सवय.
तीन चकत्या पेंगत होत्या.
फ्योक्ला इग्नात्येव्हनांची गरगरत होती.
सापडलं, म्हटलं. बिनतिकिटी.

दार उघडलं तेव्हा नाकात नळी,
मागे तिपाईएवढं यंत्र, गुरगुरणारं.
"फार आवाज येतो का हो?
टीव्ही मी लावत नाही. दिवाही नाही,
रस्त्यावरचा पुरतो विणायला.
पण ह्याला बंद करता येत नाही."

वही मी पाठीमागे धरली.
म्हटलं, मीठ हवं होतं.
त्यांनी अख्खा पुडा दिला.
अजून संपलेला नाही.

जानेवारीत त्यांना रुग्णवाहिकेनं नेलं.
तिसऱ्या दिवशी आमचं अस्वल आडवं झालं,
शनिवारी आम्ही पहिले.
बक्षीस म्हणून नऊ दिव्यांचं खोकं,
साव्हानं हरलेल्या सेनापतीसारखा हात मिळवला.

त्या रात्री भिंतीपलीकडे काही नव्हतं.
काहीच.
एक वाजला, दोन वाजले.
उठून किटली काठोकाठ भरून उकळली,
सगळे दिवे लावले, रेडिओ लावला,
ओव्हन नुसताच तापवत ठेवला,
आणि चपला घालून खाली बघायला गेलो.
झोपलेलंच होतं.
एकट्या माणसाच्यानं अस्वल उठत नाही.

फेब्रुवारीत लिफ्ट बंद, म्हणून दोन पोरांनी
त्यांना खुर्चीत बसवून सहा मजले वर आणलं.
बक्षिसाचे दिवे आम्ही आधीच त्यांच्याकडे लावले होते.
त्या म्हणाल्या, एवढा उजेड कशाला,
आणि एक सोडून सगळे घालवले.
मग भिंतीपलीकडे सुरू झालं,
आगारात उभ्या रिकाम्या ट्रामसारखं, सलग,
गुरगुर, गुरगुर.

सकाळी साव्हा खाली पडद्यापाशी उभा होता.
फार हळहळून म्हणाला,
आजोबा, तुमचं उठलं.

उठलं का? म्हटलं.
मी आत्ता उठलो. नऊ वाजता.