खुर्ची उलटी कर

बसू नकोस, मायलीस. आधी उलटी कर.
खुर्चीचा चेहरा सगळ्यांनाच दिसतो,
आपल्याला तिचं पोट बघायचंय.

हा शिक्का. हातोडीच्या एका फटक्यात उठवलेला,
शेवटचं अक्षर तिरकं पडलंय:
विधवा वोक्लेर.
नवरा सरसाच्या भांड्याशेजारीच गेला, तापाने.
कारागिरांच्या संघाच्या नियमांत एवढी एक फट होती
की त्याचं दुकान बाईला चालवता येई,
पुन्हा लग्न करेपर्यंत.
तिने केलं नाही.

आता पाय बघ. सरळ.
वर जाड, खाली निमुळते, अंगभर पन्हळी,
जुन्या देवळांच्या खांबांना असतात तशा,
ज्या देवळांत आता देव नाही, नुसतं गवत.
याआधीचे पाय असे नव्हते गं.
गुडघ्यात वाकायचे, मुरडायचे,
नाचता नाचता कुणी हाक मारली म्हणून थबकल्यासारखे.
शिंपले, लाटा, वेली,
आणि डावं उजव्याला जुळू द्यायचं नाही, हीच ऐट.

मग नेपल्सजवळ राखेखालून गावं निघाली.
भिंतींवरची चित्रं, तिवया, दिवे,
सतराशे वर्षं भट्टीतच राहून गेलेले पाव.
लोक वह्या भरून परतले
आणि पॅरिसला एकाएकी
वाकण्याची लाज वाटू लागली.

वोक्लेरबाईंकडे आलोइस होता, ऱ्हाइनकाठचा,
तीस वर्षं हात गोलाईत मुरलेला.
नवं रेखाटन समोर ठेवलं तेव्हा म्हणाला,
"याला कारागीर कशाला? ओळंबा पुरे."
बाई म्हणाल्या,
"मग ओळंबा हो. घरमालकाला वेलबुट्टी चालत नाही."

हे बोलणं मी रचलंय.
हिशेबाच्या वहीत एवढंच आहे:
आलोइस, चार दिवस गैरहजर.
पाचव्या दिवशी आठ पाय.

लाकूड हुंग. महोगनी.
नांतच्या बंदरात उतरलेलं,
साखरेच्या पिंपांखाली जहाजाला भार म्हणून.
सँ-दोमिंगच्या रानात ते ज्यांनी तोडलं
त्यांचा शिक्का कुठे असतो, मी चाळीस वर्षं शोधतेय.
पोटाखाली, पाठीमागे, खणांच्या तळाशी.
मालकाचा सापडतो. दुकानाचा सापडतो.
एकदा एका कपाटात उंदराचे दातही सापडले.

पाठीवर इथे, लंबगोलात, बोट फिरव.
खोलगट लागतंय?
मुकुट होता, खाली अक्षर.
राजवाड्यांतलं सामान लिलावात निघालं
तेव्हा कुणीतरी ते तासून काढलं,
घाईत, पण लाकडाची शीर एकदाही न उचकटता.
असा हात रस्त्यावरच्या गर्दीचा नसतो.
कोरायला तीन दिवस लागले असतील,
काढायला एक सकाळ,
आणि मजुरी दोन्हींची.

खुर्ची मात्र वाचली.
सरळ पायांचं असंच असतं बघ,
राजाला शोभतात,
राजा नको म्हणणाऱ्यालाही.
रोम दोघांनाही हवं होतं.

आता दिवा जवळ आण. अजून.
मागच्या पट्टीच्या आतल्या अंगाला,
जिथे ताग ताणला, घोड्याचे केस भरले
की पुढची दोनशे वर्षं कुणाची नजर पोचत नाही,
तिथे.

शिंपला.
बोटाच्या पेराएवढा. वाकडा,
एक कड दुसरीला साफ न जुळणारी.
कुणी मागितला नव्हता,
वहीत त्याचे पैसे लावलेले नाहीत.

संग्रहालयाचा माणूस विचारत होता
अहवालात काही विशेष लिहायचंय का.
मी म्हटलं, कीड नाही, सांधे पक्के.

चल, गुरुवारपर्यंत द्यायची आहे.
ताग घे, ताण, खिळे मार.
तिथून नको.
तो कोपरा सगळ्यात शेवटी.