साडेआठची नोंद

शाळेच्या मागे, तारेच्या कुंपणात
एक नळकांडं पुरलंय पावसासाठी.
रोज सकाळी साडेआठला मी झाकण उचलतो,
आत डोकावतो, वहीत लिहितो : ०.०
कधी तळाशी एखादा मुंगळा असतो.
त्याच्यासाठी वहीत रकाना नाही.

समोर साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या.
एकेचाळीस. पोरांनी मोजल्यात.
धुडकूच्या सलूनच्या बाकड्यावर ठरलेलं आहे
की त्या ढग कापतात.
"पातं फिरस, ढग फाटस, मंग नंदुरबारकडे पळस."
लोटन अण्णांनी स्वतः पाहिलंय.
"डोयाघाई देखं मास्तर, डोयाघाई!"
मोबाइलवर त्याचा व्हिडिओही फिरतोय :
एक ढग, एक पातं,
आणि एक भारदस्त आवाज,
ज्याला ना गाव, ना आडनाव.

मी पोरांना माळावर नेलं.
वारा पडलेला, एक पातं बरोबर वर थांबलेलं.
मीटरची काठी, तिची सावली, चक्कीची सावली,
त्रैराशिक.
पहिल्यांदा सातशे आलं, हेमराजने टेप उलटा धरला होता.
मग एकशे वीस.
ढग असतो दीड हजारावर, मी म्हणालो,
चक्कीवर चक्की अशा बारा रचल्या
तरी ढगाला गुदगुल्यासुद्धा व्हायच्या नाहीत.
पोरं खिदळली.
चेतना बागूल हसली नाही.
"सर, ढगाला काठी कुठे लावली?"
"पुस्तकात आहे," मी म्हणालो,
आणि माझ्याच तोंडून मला ऐकू आला
तो भारदस्त आवाज.

अण्णांपुढे मी जुन्या वह्या टाकल्या.
हे बघा, शहाऐंशीचा श्रावण, शून्य, शून्य, शून्य.
तेव्हा कुठे होत्या चक्क्या?
अण्णांनी पान उलटलं, बोटाला थुंकी लावून पुन्हा उलटलं.
"तवय दुसरं काही व्हई."
मग जरा खालच्या आवाजात,
"तुले कंपनीकडथून कितला भेटनात?"

मी दोन दिवस सलूनवरून गेलो नाही. दाढी वाढली.

तिसऱ्या संध्याकाळी अण्णाच आले,
खताच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन.
"हाई वाच."
इंग्रजीत दाट ओळी, खाली निळा अंगठा,
अंगठ्यावर विळ्याची जुनी आडवी खूण.
त्यांना सांगितलं होतं, खांब न्यायला वाट पाहिजे, दोन वर्षं.
कागदात होतं : तीन एकर, तीस वर्षं.
मी वाचून दाखवलं. पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा वाचलं.
घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला.
"ज्यासनी हाई करं," अण्णा म्हणाले,
"त्या ढग सोडतीन का?"

फळ्यावर माझा त्रिकोण अजून पुसायचा होता.
त्याच्या तिन्ही बाजू बरोबर होत्या.
त्यात हे तीन एकर कुठे बसतात ते मला सापडेना.

आता चेतनाने दोन तापमापक टांगलेत,
एकाच्या बुडाला ओली चिंधी.
दोघांतला फरक, मग कोष्टक, मग गुणाकार :
काल ढगाचं बूड अकराशे मीटरवर निघालं.
माझे दीड हजार तिने पेन्सिलीने खोडले,
वर न बघता.
अण्णा उकिडवे बसून सगळं पाहत होते.
"अन हाई कोष्टक कोनी बनवं?"
मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.
ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवून गेले.

आज साडेआठला कुंपणाशी उभे होते.
मी झाकण उचललं आणि बाजूला झालो.
तुम्ही बघा, अण्णा.
ते वाकले, टोपी हातात धरून,
विहिरीत बघावं तसे, बराच वेळ.
"काहीच नही," म्हणाले.
मी पेनाचं टोपण काढलं.
"थांब," ते म्हणाले,
"एक मुंगळा शे."