शेणातली मोजणी

रात्री अडीच. वोब्बेचा गोठा.
खांद्यापर्यंत हात आत.
वासरू उलटं, मागचे खूर आधी.
कळ येते तसं माझं मनगट आवळतं, सुटतं,
आणि या घडीला हवा, पाणी, नायट्रोजन
काही म्हणजे काही सुचत नाही.
दोरी. वंगण. वोब्बेला एवढंच :
थांब. थांब. आता ओढ.

पडली. नाकात गवताची काडी घातली, शिंकली.
चला, जगात आणखी एक ढेकर देणारी.

बहीण जेवताना विचारते,
तूच त्यांना जगवतेस, मग
कुरणात पक्षी उरले नाहीत म्हणून झुरतेस कशाला?
ती हिशेब तपासते, तिचा ताळेबंद जुळतो.
मी तिच्याकडे चीज सरकवते.
ती घेते.

त्या मे महिन्यात बांधाशी बसून
शेणाचा एक पो काडीनं उलटला होता.
वाळलेला, अखंड, कुणी न पोखरलेला.
एक भुंगेरा नाही, एक अळी नाही.
कालवडी बाहेर सोडताना
सगळ्यांच्या पाठीवर जंताचं औषध ओतलेलं.
चिठ्ठीवर सही माझी.
चार पावलांवर ग्रुत्तोची पिल्लं,
काड्यांसारख्या पायांवर,
गवतात टोचत, रिकामी चोच वर काढत.

तेव्हापासून आधी शेण मागते.
सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजते,
मग ठरवते : चाळीस नकोत, या सात.
वोब्बे म्हणतो, बाटली ओतली की काम संपतं,
तू शेणात भविष्य बघत बसतेस.

गेल्या वर्षी एक कालवड गेली.
मोजण्यात चुकले की पोचायला उशीर झाला,
अजून सांगता येत नाही.
वोब्बे काही बोलला नाही.
कॉफी विचारली नाही, एवढंच.

आज टॉवेल देताना म्हणाला,
नीन्केनं पिशव्या भरून ठेवल्यात, फ्रिजमध्ये,
दह्याच्या मागे. जाताना ने.
आणि खालच्या कुरणात तिनं बांबू रोवलेत,
घरटी आहेत म्हणे. गाडी तिकडून वळवू नको.

कोपरापर्यंत साबण लावते. वास जात नाही.
बाहेर उजाडायच्या आधीच
एक ग्रुत्तो स्वतःचंच नाव घेऊन ओरडते.
एक.
दुसरी आहे का ऐकायला
मी नळ बंद करते.