लांबडो, कुत्र्यावाली आणि इतर

बाबा गेल्यावर तिसऱ्या शुक्रवारी
गल्ल्याखालच्या खणात वही सापडली.
निळी, आखीव पानांची, तेल प्यायलेली.
काही पानं दिव्यासमोर धरली
की पलीकडचा हिशेब इकडे उमटायचा.

फ्लीटवुडमध्ये, ट्राम संपते तिथून दोन गल्ल्या अलीकडे,
सत्तावीस वर्षं आमचं फिश अँड चिप्सचं दुकान.
पाटीवर अजून आधीच्या मालकाचं नाव, लेडबेटर.
पाटी बदलायला चारशे पौंड लागतात, बाबा म्हणायचे,
आणि माशाक खंय वाचूक येता?

पहिल्या वर्षी त्यांनी कढयांतली गाईची चरबी काढून
तेल ओतलं, तर अर्धं गाव रुसलं.
तीन आठवडे बटाटे मोड काढत बसले.
मग आईने करी सॉसमध्ये
तिरफळं ठेचून टाकली, कुणाला न विचारता.
जीभ का झिणझिणते ते बघायला
लोक पुन्हा आले,
आणि मग येतच राहिले.

इंग्रजी आडनावं बाबांना लिहिता येत नसत.
म्हणून उधारी मांडली ती वेंगुर्ल्याच्या बोलीत:
लांबडो: हॅडॉक एक, वाटाणे दोन.
कुत्र्यावाली: चिप्स, कुत्र्याक वायच.
खोटा हसणारी: फिशकेक तीन.
बंदरातला काम गेलेलो: ह्येच्याकडे मागूचा नाय.
या शेवटच्या माणसाची एकूण साडेचार पानं.

मी फक्त मोरीन विग्नलला सांगितलं.
मोरीनला सांगणं म्हणजे दवंडीच.
शनिवारी दाराबाहेर रांग,
समुद्राचा वारा सगळ्यांच्या कॉलरीत,
आणि हातात सुटे पैसे मोजून आणलेले.
माझे किती, विचारायचे,
आणि मग काउंटरवर जरा वाकून, हळूच,
मला काय म्हणायचा तो?

मी भाषांतर करत बसले.
टेड रिमर म्हणाले, लांब? आता बघ कसा वाकलोय.
तरी जाताना दारात क्षणभर
ताठ उभे राहिलेले मी पाहिले.
कुत्र्यावालीचा कुत्रा कधीच गेला,
तिने त्याचे वेगळे पैसे दिले, घेच म्हणाली.
फिशकेकवालीला मी सांगितलं,
'हसणारी' एवढंच लिहिलंय.
ती हसली.
खरं की खोटं, ते बाबांनाच कळलं असतं.

बंदरातला माणूस आला नाही.
त्याचा मुलगा आला, बोटीवरचे बूट घालूनच,
एक जाड पाकीट ठेवलं आणि वळला.
आईने पाकीट परत त्याच्या खिशात कोंबलं.
मागूचा नाय म्हंजे घेवचाय नाय, ती म्हणाली, मालवणीत,
आणि त्याला ते बरोबर समजलं.

मधल्या एका पानावर मीही सापडले:
मँचेस्टरवाली: फोन करतंय म्हणान सांगल्यान.
पुढे रकमेची जागा कोरी.
मी पान उलटलं. रांग मोठी होती.

एक नाव मात्र कुणीच सांगितलं नाही.
दारात उभी रवणारी: काय घेणा नाय. चिप्स बांधून दिलंय.
दर गुरुवारी, पावणेनऊ, अकरा वर्षं.
मी आईला विचारलं, कोण गं ही?
आई बटाटे सोलत होती.
सालीची लांब फीत तुटू नये
एवढंच तिचं लक्ष.
पण गुरुवारी पावणेनऊला
तिने एक पुडी बांधून खिडकीत ठेवली
आणि पाठ फिरवून पीठ कालवायला लागली.
मीही मग तिकडे पाहिलं नाही.

काल एक पोरगा आला, चौदाएक वर्षांचा,
खिसे चाचपत राहिला, लाल झाला.
नाव सांगितलं. एकेक अक्षर फोड करूनही सांगितलं,
मला लिहिता येतं, तरी.
नव्या वहीच्या पहिल्या ओळीत मी लिहिलं:
एकाच हातात मोजो.
चिप्स, लहान.
मग खोडलं, आणि मोठे केले.