फ्लॅटन केलेली नाही

उखर्डू आप्पांच्या पिशवीतून आधी निघतं वर्तमानपत्र,
मग प्लास्टिक, मग पुन्हा वर्तमानपत्र,
आणि मग कानबाईच्या दिवसाचे अकरा जण.
चौरंगावर नारळ, नारळाला नथ, डोळे, कुंकू.
मागे केळीचे खांब.
अकरातल्या एकावर आप्पा नख टेकवतात.
‘याले काढी टाक.’

अमळनेरला बोरीच्या पुलापलीकडे माझा स्टुडिओ.
पासपोर्ट, लग्नाचे अल्बम,
मेलेल्या माणसाला कोट चढवून हाराखाली बसवणं,
हे रोजचं.
जिवंताला काढायचं काम वर्षातून दोनतीनदा येतं,
बहुतेक काडीमोडीनंतर.
भाऊ पहिल्यांदाच.

स्कॅन करतो. लेयरला मास्क लावतो.
आप्पांना वाटतं, आता हा खोडणार.
खोडत नाही आप्पा, झाकतो.
फोटोवर एक कागद अंथरलाय समजा, आपल्याला न दिसणारा.
त्यावर काळं फिरवलं की खालचं लपतं,
पांढरं फिरवलं की परत येतं.
राखाडी फिरवलं तर माणूस
चुलीच्या धुरामागे बसल्यासारखा.

‘म्हंजे तो तठेच ऱ्हास?’
तिथेच राहतो.
आप्पा हसल्यासारखं करतात.
‘मनं नावबी तसंच शे.’
आधीची तीन पोरं गेली,
म्हणून यांना उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं,
नाव ठेवलं उखर्डू,
यमानं वाचावं आणि नाक मुरडून पुढच्या घरी जावं.
धाकट्याला सुपात घालून ओढला, तो सुपडू.
आईचा काळा ब्रश.
सत्तर वर्षं टिकला.

सुपडूची टोपी जाते. कान जातो.
सदऱ्याची बटणं वरून खाली, एकेक.
खालच्या लेयरवर केळीची पानं भरतो,
कड दोन पिक्सेल मऊ ठेवतो,
नाहीतर उरलेला माणूसच कात्रीनं कापल्यासारखा दिसतो.
दंड, कोपर, मनगट.
मग ब्रश थांबतो.
आप्पांच्या खांद्यावर बोटं.

झूम चारशे टक्के.
ही काढली तर खांदा नवा रंगवावा लागेल, म्हणतो.
आप्पा खुर्ची ओढतात, चष्मा कपाळावरून खाली घेतात,
मोजतात.
तीन.
‘चौथं कडबाकुट्टीमां गयं.’

पोळ्याच्या आदल्या दिवशी.
बोट रुमालात, रुमाल बर्फात,
बर्फ सोडावाल्याकडचा.
धुळ्याच्या रस्त्याला मालट्रकची केबिन,
सुपडू बेशुद्ध,
आणि आप्पा त्याचं बोट धरून बसलेले,
लहानपणी जत्रेत धरायचे तसं,
फक्त यावेळी दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं.
डॉक्टर म्हणाला, उशीर झाला.
मग ते कुठे पुरलं, हे आप्पांनी अजून त्याला सांगितलेलं नाही.
बांधात पुरलं.
त्याच बांधात, ज्याच्यावरून आता कोर्टात

लाइट गेली.
यूपीएस ओरडू लागला. त्याच्याकडे सात मिनिटं असतात.
पंखा बंद, खोलीत फक्त पडद्याचा उजेड,
उजेडात तीन बोटं, एकेक ताटाएवढी.
काय करू आप्पा?
बराच वेळ.
यूपीएसचा सूर बदलला.
‘ऱ्हाऊ दे.’

बोटं राहू दे की भाऊ राहू दे,
ते मी विचारलं नाही.
तसंच सेव्ह केलं, तसाच प्रिंट काढला.
दहा जण आणि तीन बोटं.
आप्पांनी ऐंशी रुपये मोजून दिले,
वर्तमानपत्र, प्लास्टिक, वर्तमानपत्र,
आणि जिना उतरताना डावा खांदा
जरा जपून नेला.

फाइल माझ्याकडेच आहे. फ्लॅटन केलेली नाही.
श्रावण लागला, गल्लीत रोटाचं दळण सुरू झालं
की कधीतरी उघडतो,
शिफ्ट दाबून मास्कवर क्लिक करतो. अकरा.
पुन्हा क्लिक. दहा.
नारळ दोन्हीत
तसाच समोर बघतो.